छज्ज्याखालची रेंज

आमच्या ऑफिसात एक टिपर आहे. चाकणच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टिपर कसा चढवला, असं कोणी नव्याने आलेलं विचारलं, की मी त्याला माझ्या स्क्रीनपुढे आणून बसवते. खऱ्या गाडीचं मापन् माप घेऊन संगणकात उभी केलेली ही तिची जुळी बहीण. डिजिटल ट्विन म्हणतात तिला, आम्ही नुसतं जुळी म्हणतो. खरी गाडी रस्त्यावर येण्याआधी जुळीला घाटात, पुलाखाली, टॉवरपासून लांब नेऊन उभं करायचं आणि तिला कुठे रेंज मिळेल, कुठे तुटेल ते सांगायचं, हे माझं काम. शॉपफ्लोअरवरचे लोक आम्हाला उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणतात. म्हणोत बापडे.

नव्या टिपरमध्ये स्टिअरिंगशेजारी एक लाल बटण होतं. अपघात झाला की ड्रायव्हरने ते दाबायचं, मग गाडी स्वतःच ठरलेल्या नंबरवर फोन लावणार आणि त्याला केबिनमधूनच बोलता येणार. त्यासाठीचा अँटेना केबिनच्या टपावर, अगदी मधोमध बसवला होता. बाकीच्यांसाठी ते गाडीतल्या शंभर बटणांपैकी एक बटण होतं. माझ्यासाठी तसं नव्हतं, कारण माझे वडील.

अण्णा बीडकडून आले आणि मोशीच्या दगडखाणीत डंपर चालवायला लागले. आम्ही भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायचो. एका दुपारी खाणीच्या तळाशी कड खचली, डंपर कलंडला आणि वरून दगड आले. माल भरायच्या हौद्याच्या पुढच्या कडेला जाड पत्र्याचं एक छप्पर जोडलेलं असतं, ते केबिनच्या टपावर येतं. त्याला छज्जा म्हणतात. त्या छज्ज्याने दगड झेलले म्हणून आम्हाला बाप राहिला. पण पाय दाबला गेला होता, आणि जेवणाची सुट्टी संपून दुसरा डंपर खाली येईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. फोन त्यांच्या हातातच होता. तो पाय आजही गुडघ्यात वाकत नाही. त्या दुपारबद्दल अण्णा एवढंच बोलतात, "लावत व्हतो, लागत नव्हता."

तर आमचा टिपर रस्त्यावरच्या चाचणीत पास झाला. हायवे, तळेगाव, देहूरोड, सगळीकडे रेंज उत्तम. आठवड्याभरात डिझाइन पक्कं होणार होतं, म्हणजे त्यानंतर अँटेना जागचा हलणार नव्हता. मी खुशीतच घरी निघाले होते. भोसरीच्या एमआयडीसीत बस अडकली आणि खिडकीतून मला एका शेडपुढे नवाकोरा टिपर दिसला. दोन माणसं त्याला छज्जा वेल्ड करत होती.

मी बसमधून उतरलेच. आमची कंपनी चाकं, इंजिन आणि केबिन देते, हौदा गिऱ्हाईक बाहेरून बांधून घेतो. माझ्या जुळीला हौदा होता, पण तो कॅटलॉगातला, बिनछज्ज्याचा. ज्या घरावर छज्ज्याचे एवढे उपकार, त्याच घरातल्या पोरीच्या नजरेतून तो सुटावा! स्वतःचाच असा राग आला की शेडवाल्या चाचांकडे टेप मागताना माझा आवाज चढलेला होता. "बेटा, गाडी घ्यायची का?" त्यांनी हसत विचारलं. "नाही चाचा, माप घ्यायचंय." त्यांनी टेप दिली, वर चहाही पाजला.

दुसऱ्या दिवशी जुळीच्या डोक्यावर छज्जा चढवला आणि तिला खाणीच्या खड्ड्यात उतरवलं. रेंज गेली. हायवेवर आणलं तर होती. त्यात जादू काही नाही. उघड्या माळावर छत्री धरली तरी पाऊस बाजूने आत येतोच, पण विहिरीच्या तळाशी छत्री उघडली तर आभाळच बंद. खड्ड्यात सिग्नल तिरपा वरून येतो आणि नेमका तिथे छज्जा. ज्या लोखंडाने माणूस वाचवायचा, तेच त्याची हाक अडवणार होतं. मग माल ओतताना उचलतात तसा मी जुळीचा हौदा वर उचलला. छज्जा टपावरून बाजूला झाला आणि रेंज परत आली. शेवटी अँटेना टपावरून काढून आरशाच्या दांड्यावर नेला. हौदा खाली असो की वर, रेंज राहिली.

हे सगळं मी साहेबांना दाखवलं. आमचे साहेब मनाने वाईट नाहीत, पण पास झालेली गोष्ट पुन्हा उकरायची म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "मॅडम, एवढं लोखंड वर उभं केल्यावर आडोसा वाढेल की कमी होईल? शेंबडं पोरही सांगेल. तुमचं मॉडेल चुकलंय."

"चुकलं असेल तर खाणीत कळेल, सर."

"म्हणजे हौदा वर करून गाडी चालवायची का आता?" सगळी खोली हसली. मीही हसले असते, पण मला अण्णांचा पाय दिसत होता.

"घोडामैदान जवळच आहे," मी म्हणाले. "हौदा खाली असताना फोन लागणार नाही, वर केला की लागेल. उलटं झालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण खाणीत न जाता डिझाइन पक्कं केलं तर मी सही करणार नाही."

त्यानंतर मी अक्षरशः मागे लागले. सकाळी साहेबांच्या टेबलाशी, दुपारी कॅंटीनमध्ये, संध्याकाळी पार्किंगमध्ये. सहकारी म्हणाला, "अगं, किती ताणशील?" तुटेपर्यंत, मी म्हटलं. अखेर साहेबांनी हात जोडले आणि खाणीची परवानगी काढली, बहुधा माझी कटकट मिटावी म्हणूनच.

चाचांकडून छज्जा बसवून घेतलेला टिपर आम्ही मोशीच्या एका खाणीत तळापर्यंत नेला आणि सपाट जागा बघून उभा केला. माझा स्वतःचा मोबाइल केव्हाच मुका झाला होता. साहेबांनी बटण दाबलं. गाडी फोन लावत राहिली, लावत राहिली, आणि स्क्रीनवर लाल फुली आली. पुन्हा दाबलं, पुन्हा फुली. ड्रायव्हरने रिकामा हौदा वर घेतला. साहेबांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि त्यांच्या खुर्चीशेजारी बसणारा, चाकणला ऑफिसात थांबलेला आमचा सहकारी केबिनच्या स्पीकरमधून ओरडला, "हॅलो सर!" साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "मॉडेल नाही चुकलं," ते म्हणाले. एवढं म्हणायलाही मोठं मन लागतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं.

डिझाइन पक्कं करणं पुढे ढकललं. अँटेना आरशाच्या दांड्यावर गेला, वायरिंग बदललं, त्यासाठी निम्म्या कंपनीची बोलणी मी खाल्ली. बदललेली गाडी घेऊन आम्ही पुन्हा त्याच तळाशी उतरलो. हौदा खाली, छज्जा टपावर. साहेब म्हणाले, "या वेळी बटण तुम्ही दाबायचं." कोणाचा तरी नंबर भरायचा होता. हल्ली कोणाचे नंबर पाठ असतात? मला एकच येतो. मी तो भरला आणि बटण दाबलं.

दोन रिंगांत उचलला.

"हॅलो, कोण?"

"अण्णा, मी."

"हा कुणाचा नंबर? कसला आवाज यायलाय? कुठून बोलायलीस?"

"खाणीतून. तळाशी आहे."

मी एवढंच बोलले, आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग जिना. एक पाय पडत होता, एक ओढला जात होता. "हलू नको जाग्यावरून. पाय अडकलाय का? बोलत ऱ्हा माय, मी यायलो."

"अण्णा, थांबा! काही झालं नाही मला. टेस्ट आहे. या गाडीला मदतीचं बटण केलंय आम्ही, ते बघत होतो."

जिन्यावरचा आवाज थांबला. धापा ऐकू येत होत्या. आता शिव्या बसणार, असं मला वाटलं. बसल्या असत्या तर बरंच झालं असतं.

"खाणीच्या तळाला हाईस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"डोक्यावर छज्जा हाय?"

"आहे, अण्णा."

साहेब केबिनमधून खाली उतरून लांब जाऊन उभे राहिले.

"लागला की गं मग," अण्णा म्हणाले.

"लागणारच," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.