माझ्या भावाचा डावा हात

माझा भाऊ गेल्याची बातमी मला फ्रान्सिसने आणून दिली. आणि माझा भाऊ कोण होता, हे मला त्याच्या शोकसभेत एका माणसाने समजावून सांगितलं. पहिली बातमी ऐकून मी रडले. दुसरी ऐकून रडू जे आटलं, ते अजून परत आलेलं नाही...

पौषातली सकाळ होती. उमरेडला माझ्या सासरी मी मागावर बसले होते. दारात फ्रान्सिस दिसला, टोपी हातात धरून. हा गोव्याकडचा माणूस, नागपुरात रेल्वेच्या नाचघरातल्या बँडमध्ये बास वाजवायचा. माझ्या भावाचा जिवाभावाचा एकच मित्र. पहिल्या मोटारीने आला होता. "शांताबाई, अपना नामा..." एवढंच बोलला आणि उंबऱ्यावर बसला. मी हातातला धोटा खाली ठेवला. दादाची छाती दोन हिवाळे धरलेली होती, त्यामुळे पुढचं विचारावं लागलं नाही.

रविवारच्या पुरवणीच्या संपादकांनी मला कळवलं की भावाविषयी दोन चांगले शब्द लिहा. लिहिते. चांगले शब्द दादासाठी आहेत. उरलेले ज्याचे त्याने ओळखून घ्यावेत. ज्यांच्यासाठी आहेत त्यांना मी फक्त मास्तर म्हणेन. त्यांचं नाव आजवर प्रत्येक जाहिरातीत ठळक अक्षरांत छापून आलं, माझ्या भावाचं एकदाही आलं नाही. निदान या एका लेखात उलटं होऊ द्या. माझ्या भावाचं नाव नामदेव.

आमचं घर विणकरांचं, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी शहरभर रोषणाई होती, आणि रेल्वेच्या नाचघराबाहेर मोकळ्या अंगणात बँड वाजत होता. आम्ही भावंडं ऐकायला गेलो. मी झगमगीत बाजे बघत होते, दादा मात्र मागच्या रांगेतल्या एकाच माणसाकडे बघत होता. त्या माणसापाशी सारंगीच्या आजोबासारखं दिसणारं, त्याच्या डोक्याहून उंच असं चार तारांचं वाद्य होतं, बास. तो उभा राहून त्याला मिठी मारल्यासारखं धरून बोटांनी तारा छेडत होता. आवाज कानाला फारसा येत नव्हता, पायाखालच्या फरशीतून येत होता. "शांते, हे त आपल्या मागासारखं चालून राहिलं वं," दादा म्हणाला. त्या दिवसापासून माझा भाऊ कामातून गेला, असं आमच्या बाबांचं मत होतं.

विकतचा बास आमच्या सात पिढ्यांना झेपला नसता. दादाने घरीच बांधला. पाठ-पोट खोक्यांच्या फळ्यांचं, मान मोडक्या मागाच्या सागवानी दांड्याची. आणि तारा? कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी आतड्याची तात असते ना, ती. गल्लीतला पिंजारी चक्रावला. "गादी भरतो का गाणं भरतो रे बाबू?" असं त्याने विचारलेलं मला आठवतं. नाचघरातल्या त्या बासवाल्याशी, म्हणजे फ्रान्सिसशी, ओळख दादाने कशी काढली ते त्यालाच ठाऊक, पण दर रविवारी सकाळी फ्रान्सिस आपला बास रिक्षात घालून आमच्याकडे येऊ लागला. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच समजायची. म्हणून शिकवणी अशी चालायची की फ्रान्सिस वाजवायचा, आणि दादा त्याच्या बरोबर समोर उभा राहून बघत बघत वाजवायचा.

आता नीट ऐका, कारण सगळा लेख याच्यावर उभा आहे. माझा भाऊ डावखुरा होता. ताटावर डावा हात गेला की आईची पळी बसायची, म्हणून जेवायचा उजव्याने. बाकी सगळं डाव्याने. त्यात तो शिकला समोर उभं राहून. आरशात बघून भांग पाडावा तसं झालं सगळं. फ्रान्सिस उजव्या हाताने छेडायचा, तर हा डाव्याने. फ्रान्सिसची सगळ्यात जाड तार समोरून बघताना दादाच्या डाव्या बाजूला दिसायची, म्हणून यानेही आपल्या बासला जाड तार आपल्या डाव्या बाजूला लावली. चारही तारा जगाच्या उलट्या. ज्या दिवशी फ्रान्सिसच्या हे लक्षात आलं, त्या दिवशी तो हसता हसता खाटेवर आडवा झाला. "अरे, ये तो मैं है, आयने में!" दादा ओशाळून तारा सोडवायला लागला, तर त्याने हात धरला. "बदल मत, नामा. हात जो मांगता है, वोही सही है." शिकवणं म्हणतात ते याला.

त्या दोघांसारखी येडी माणसं मी पाहिली नाहीत. दोघे रस्त्याने चालले की खालच्या सुराची प्रत्येक गोष्ट त्यांना थांबवायची. गिरणीचा भोंगा झाला की वाद, आज तो रोजच्यापेक्षा उतरलाय की नाही. मालगाडी पुलावरून गेली की दोघांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून लोकांना वाटायचं, यांचं कोणी गाडीखाली आलं की काय. लग्नाच्या वरातीत दुनिया नवरीकडे बघायची, हे दोघे बँडमधल्या सगळ्यात मोठ्या भोंग्यावाल्याकडे. पिठाच्या चक्कीत दळण घेऊन गेले की पट्ट्याचा घुमारा ऐकत बसायचे, आणि पीठ तिथेच विसरून यायचे. दादाचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आपण वाजवलं त कोणालेच समजत नाई गा. नाई वाजवलं त सगळ्याइले समजते."

दादाने लग्न केलं नाही. म्हणून मी बासला वहिनी म्हणायचे. माझ्या जुन्या लुगड्याचं तिला अंगभर आवरण शिवलं होतं. ती रिक्षात दादाला टेकून बसली की खरोखर बाई वाटायची. एकदा रिक्षावाल्याने हळूच विचारलं, "बाईले बरं नाई का भाऊ? दवाखान्यात नेऊन राहिले का?" दादा म्हणाला, "बरं हाये गा तिले, गाण्याले चालली. फक्त बोलते जरा घोगरं." फ्रान्सिसने मागे एकदा मुंबईहून इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात विजेवर चालणाऱ्या बासचं चित्र होतं, गिटारीसारखा गळ्यात अडकवायचा. दादा ते चित्र किती तरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सायकलवर नेता येईन हे. पण वहिनीले काय सांगू?"

मास्तरांच्या वाद्यवृंदात दादा गेला तो फ्रान्सिसच्या सांगण्यावरून. शहरात दुसरा वाद्यवृंद नव्हताच. मास्तर व्हायोलिन वाजवायचे, पुढे उभे राहून, तोंड प्रेक्षकांकडे. मागे कोण उभं आहे हे बघायची त्यांना गरज कधी पडली नाही. मागच्यांनी त्यांची पाठ ओळखली म्हणजे झालं. त्या वाद्यवृंदाचं सगळ्यांत गाजलेलं वादन ज्या आठ सुरांनी सुरू होतं, ते आठ सूर माझ्या भावाने आमच्या घरात, मागाच्या पावड्यांवर पाय हलवता हलवता बसवले. मी समोर कांड्या भरत होते. पहिल्या कार्यक्रमात ते सूर ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मास्तरांनी कमरेतून वाकून त्या घेतल्या. "ही सुरुवात मला स्वप्नात सुचली," असं त्यांनी पुढे कितीदा सांगितलं, कोण जाणे. मी चिडायचे. दादा हसायचा. म्हणायचा, "लुगड्याचा ताणा कोणाले दिसते का वं? किनार दिसते. दिसू दे."

एका तालमीत मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बास असला काय, नसला काय. नुसती जागा खातो." त्या गणपतीत भर कार्यक्रमात, गाणं रंगात आलेलं असताना, दादाने तारांवरचा हात उचलला आणि नुसता उभा राहिला. गाणाऱ्या बाईंचा पाय घसरल्यासारखा सूर घसरला, बासरी कुठे तरी भलतीकडे गेली, गाणं खचलं. मास्तर कधी नव्हे ते मागे वळले, आणि ओरडले कोणावर? ढोलकवाल्यावर! गाण्यातून काय गेलं तेच त्यांना कळलं नव्हतं. दादा परत वाजवायला लागला, गाणं सावरलं. दुसऱ्या दिवशी दादाने आणि फ्रान्सिसने त्या बिचाऱ्या ढोलकवाल्याला घरी बोलावून सांबारवडी खाऊ घातली, आणि तिघे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दादाला सूड म्हणून एवढा पुरला. मला नाही पुरला. मी दादासारखी नाही, आणि होण्याची इच्छाही नाही.

दादा अंथरुणाला खिळला त्या दोन हिवाळ्यांत मास्तर आमच्या गल्लीत एकदाही फिरकले नाहीत. दादा मात्र दारात रिक्षा थांबली की मान वर करायचा. "मास्तर असन..." मी उमरेडहून आलेली असायचे. "मीच हाये दादा," असं सांगताना मला माझीच लाज वाटायची. एका माणसाने नुसतं दारात येऊन उभं राहावं, एवढीच माझ्या भावाची मागणी होती. त्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि वाचकांनीही मला तसा उपदेश करू नये.

आणि मग शोकसभा. शाल पांघरून मास्तर उभे राहिले, गळा दाटवला. म्हणाले, "मागाच्या खटखटीतून आलेलं पोर होतं. मी त्याला हाताला धरून शिकवलं. ही माझी बोटं त्याच्या बोटांवर ठेवून एकेक सूर काढून घेतला." लोक हळहळले. शेजारी बसलेल्या फ्रान्सिसने मान खाली घातली. मास्तर पुढे म्हणाले, फाल्गुनात श्रद्धांजलीचा कार्यक्रम करू, त्यात माझ्या शिष्याच्या बासवर ती सुरुवात मी स्वतः वाजवीन, आणि मग तो बास कायमचा वाद्यवृंदाच्या मंडळात ठेवू, गुरूच्या, म्हणजे माझ्या, तसबिरीखाली. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "बासचं तेवढं बघा, ताई."

मी म्हटलं, "अवश्य. तालमीला पाठवू का?"

"छे, तालीम कशाला? माझेच तर सूर."

फ्रान्सिस मला बाहेर घेऊन गेला. "शांताबाई, उनको मालूम है ना, तार...?"

"हाताला धरून शिकवलं म्हणतात," मी म्हटलं. "माहीत असनच."

फ्रान्सिसने माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या मिशीखाली हसू हललं.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, सीताबर्डीकडच्या एका सभागृहात. वहिनीला मी त्याच दिवशी पोचवलं, लुगड्यात गुंडाळून, तारा दादाला आवडायच्या तशा लावून. मंचावर मास्तरांनी पुन्हा ती बोटांवरची बोटं सांगितली. मग बास डाव्या खांद्याशी घेतला, जगातला प्रत्येक बासवाला घेतो तसा, आणि जाड तार असते तिथे उजव्या हाताने छेडलं. बारीक तार चिरकली. डावं बोट भलत्याच सुरावर पडलं. त्यांनी पुन्हा छेडलं. त्या आठ सुरांतला एकही सूर ओळखीचा नव्हता. मास्तरांना वाटलं तारा उतरल्या आहेत. खुंट्या पिळल्या, मग तर विचारूच नका. पुढच्या रांगेत कोणी तरी खोकलं, मागे कोणी तरी हसलं. मागे उभा असलेला ढोलकवाला छताकडे बघत होता.

मी उठून उभी राहिले. बायकांच्या रांगेतून. "मास्तर, हाताला धरून शिकवलं म्हणता. कोणता हात होता?"

त्यांनी बासकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. मी म्हटलं, "डावा. माझा भाऊ डावखुरा होता. तुमच्या पाठीमागे बारा महिने तेरा काळ उभा होता." मग मी मंचावर चढले, त्यांच्या हातातून वहिनीला घेतलं, लुगडं नीट गुंडाळलं, आणि फ्रान्सिसने तिला दुसऱ्या बाजूने धरलं. दाराशी पोचलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले, मग त्यांच्या शेजारचे, मग बरेच. ते वहिनीसाठी उठले होते. मी मागे वळून मास्तरांचा चेहरा मात्र पोटभर बघून घेतला. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. अजून वाटतं.

आता वहिनी उमरेडला माझ्या घरी आहे, मागाच्या खोलीत, भिंतीला टेकून. मानेच्या सागवानाचा रंग उजव्या तळव्याच्या घासण्याने एका जागी उजळलाय, तिथे मी रोज हात ठेवते. आम्ही माग चालवला की जाड तार आपोआप घुमते, ऐकू येत नाही, जमिनीतून कळते. माझे मालक म्हणतात, आवरण घाल, धूळ बसते. मी घालत नाही. दादा दोन हिवाळे पांघरुणाखालीच होता.

गेल्या आठवड्यात मास्तरांचा निरोप आला, एका शहाण्या माणसाच्या तोंडी. झालं गेलं विसरावं, बास मंडळाला द्यावा, फक्त त्याआधी उलट्या तारा कोणाकडून तरी सुलट करून घ्याव्यात. मी त्या माणसाला चहा दिला, मागाच्या खोलीत नेलं, वहिनीच्या बरोबर समोर उभं केलं, फ्रान्सिस उभा राहायचा त्या अंतरावर. आणि सांगितलं, मास्तरांना जाऊन सांगा, तारा उलट्या नाहीत. तुम्ही कधी त्याच्या समोर उभेच राहिला नाहीत.