डेल्मरच्या घरातलं शिसं

आमच्या गावातल्या हॉइटच्या आईच्या मयताला आम्ही सगळे गेलो होतो. शवपेटी अजून घरातच होती, बायका रडत होत्या, आणि माझ्या बहिणीचा नवरा डेल्मर कायकेंडल हॉइटला कोपऱ्यात घेऊन विचारत होता, "म्हातारीच्या न्हाणीतला जुना नळ शिशाचा आहे ना रे? काढलास तर मला सांग."

हॉइटने सांगितलं नाही. पण हॉइटचं टायरचं दुकान आहे, त्यामुळे डेल्मरचं काही अडलं नाही. चाकाचा तोल राखायला कडेला जी शिशाची छोटी वजनं ठोकतात, तसल्या जुन्या वजनांच्या बादल्या तो दर आठवड्याला पिकअपमध्ये घालून आणायचा. शिवाय नदीत मासे धरणाऱ्यांची तुटून पडलेली गळाची वजनं. शिवाय गावाबाहेर जिथे लोक नेमबाजी करतात, तिथला मातीचा बांध. तिथे हा साठीचा माणूस गुडघ्यावर बसून चाळणीने माती चाळायचा आणि चेपलेल्या गोळ्या वेचायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ह्याचं सोनं हरवलंय.

हे सगळं कशासाठी, तर घरी गोळ्या ओतायला. दुकानातल्या गोळ्या म्हणजे लूट, असं त्याचं म्हणणं. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडे वेळ भरपूर होता आणि मतं त्याहून जास्त.

गोठ्याच्या दारात, टर्की तळायच्या गॅसच्या शेगडीवर, तो बिडाची कढई चढवायचा. शिसं वितळलं की वजनांच्या लोखंडी पट्ट्या वर तरंगायच्या, त्या नदीनच्या झाऱ्याने काढून टाकायचा. नदीन म्हणजे माझी बहीण. झारा तिला विचारून घेतलेला नव्हता. मग मेणबत्तीचं थोटूक आणि मूठभर लाकडाचा भुसा आत टाकून ढवळत बसायचा. काळा धूर निघायचा, मळी वर यायची, ती खरवडली की खालचं शिसं चकाकायचं.

"ओपल, इकडे ये! बघ, तुझा चेहरा दिसतोय ह्यात."

"माझ्या घरी आरसा आहे, डेल्मर. तो खोकायला लावत नाही."

हल्ली ती वजनं जस्ताचीही येतात आणि एवढंसं जस्त मिसळलं तरी सगळा घाणा नासतो, हे हॉइटने त्याला दहादा सांगितलं होतं. डेल्मर म्हणाला, "मी वजन आपटून नुसत्या आवाजावरून ओळखतो." पुढच्याच घाण्याला कढईतल्या शिशाची ओटसारखी लापशी झाली. त्याने दोष दिला गॅसला.

आणि एवढं करून ओतलेल्या गोळ्या तो मारायचा कशावर? कुंपणावरच्या बीनच्या डब्यांवर. डबे सुखरूप असायचे. पाठीमागच्या ओकच्या झाडाची साल तेवढी गेली.

मला हसू यायचं. ते त्या वसंतात थांबलं.

ट्रेसा, नदीनची मुलगी, कामावर जाताना तान्ह्या ज्यूनीला आजीकडे सोडायची. ज्यूनी वर्षाची झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांचं करतात तसं तिचंही रक्त तपासलं, आणि त्यात शिसं निघालं. आरोग्य खात्याची एक बाई घर बघायला आली. मीही तिथे होते. डेल्मर खुर्चीत रेलून तिला शिकवत होता.

"रंग असणार, बाईसाहेब. ट्रेसाच्या भाड्याच्या घराचा जुना रंग. मी ह्या धातूत मुरलेला माणूस आहे, विचारा कोणालाही."

"तुम्ही शिशाचं काम करता? कुठे?"

"गोठ्यात. घराशी काही संबंध नाही."

बाईने त्याच्या बुटांकडे बघितलं. मग ज्यूनीकडे, जी त्याच बुटांशेजारी गालिच्यावर रांगत होती आणि बोटं चोखत होती. तेवढ्यात नदीनने ओव्हनमधून मक्याचे मफिन काढले, आणि मला मफिनच्या ट्रेच्या एका वाटीच्या कडेला करडा थेंब दिसला, घट्ट चिकटलेला.

"नदीन, हा ट्रे कुठे होता?"

"गेल्या महिन्यात सापडत नव्हता. मग परत फडताळात आला." ती बोलता बोलता थांबली आणि नवऱ्याकडे वळली. "डेल्मर?"

"घासून ठेवला होता मी," डेल्मर म्हणाला. "वितळलेल्या शिशाच्या लाद्या पाडायला बरोबर मापाचा आहे तो. साबणाने घासला, दोनदा!"

नदीन ओरडली नाही. ती कधीच ओरडत नाही. तिने ट्रे मफिनसकट कचऱ्यात टाकला, बाळाला उचललं, आणि त्याच संध्याकाळी ट्रेसाकडे राहायला गेली.

"एवढ्याशा ट्रेसाठी!" तो माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला. बायको गेल्यावर जेवायला तो माझ्याकडेच येणार, दुसरं कोण वाढणार?

"आधी हात धू. कोपरापर्यंत. आणि बूट बाहेर."

"माझा आजोबा गळाच्या दोरीवर शिशाची वजनं दातांनी दाबून बसवायचा, नव्वद वर्षं जगला."

"मग त्याच्या घरी जाऊन जेव."

त्याने हात धुतले. खाली काळं पाणी गेलं.

नदीनने निरोप धाडला: गोठा रिकामा कर, अंगणाची माती खरवडून काढ, गालिचे फेक, स्वतःचं रक्त तपासून घे, मग बघू. महिनाभर तो फुगून बसला. मग ट्रेसाने ज्यूनीच्या दुसऱ्या तपासणीला त्याला बरोबर येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉइटला फोन गेला. हॉइटने शिशाच्या लाद्या, कढई, साचे, सगळं नेलं आणि एकही टोमणा मारला नाही, त्याबद्दल त्याला मी ॲपल-पाय भाजून दिला.

डेल्मरच्या रक्तात नातीच्या कितीतरी पट शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, "तुमचे हात थरथरतात ते ह्यामुळेच."

मला वाटलं, आता ह्याची मान खाली जाईल. पण गाडीत बसल्या बसल्या त्याचा चेहरा उजळला.

"ऐकलंस, ओपल? म्हणजे डबे चुकत होते ते शिशामुळे! नेम माझा पहिल्यापासून ठीकच होता."

नदीन उन्हाळ्यात परत आली. ज्यूनीचं शिसं उतरतंय, हळूहळू. हे डेल्मर चर्चच्या पायऱ्यांवर भेटेल त्याला सांगतो, आणि लगेच, समोरचा काही बोलायच्या आत, जुन्या रंगापासून मुलांना कसं जपावं ह्यावर त्याला व्याख्यान देतो.