खाल्लेले दोनशे वॅट

सोलापूरच्या कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सला आले, तोवर आप्पांचं आणि काकांचं बोलणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. काका म्हणजे आप्पांचे, माझ्या वडिलांचे, शाळासोबती. सोलापुरात त्यांचं साउंडच्या सामानाचं दुकान आहे. आप्पा करमाळ्याजवळच्या आमच्या गावात लग्नकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं देतात.

बिनसलं ते एका अ‍ॅम्प्लिफायरवरून. काकांनी दिलेल्या मशीनवर पुढं ठळक पाचशे वॅट लिहिलेलं. टेंभुर्णीच्या एका मेकॅनिकनं मीटर लावून सांगितलं, हे तीनशेच्या वर जात नाही. आप्पा बाजारात सांगत सुटले, "दोनशे वॅट खाल्ले त्यानं." ते इतकं पसरलं, की करमाळ्याला कमलाभवानीच्या जत्रेत कुणीतरी काकांना विचारलं, "काय शेठ, वॅट पचलं का?" त्यानंतर काका जत्रेला आमच्याकडं जेवायला आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला सरांनी एकच अ‍ॅम्प्लिफायर आधी आठ ओहमच्या आणि मग चार ओहमच्या लोडवर चालवून दाखवला. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो कमी केला की करंट जास्त ओढला जातो, वॅट वाढतात. मला घरचं मशीन आठवलं. सुट्टीत गेल्यावर ते फिरवून पाहिलं. मागं बारीक अक्षरांत छापलं होतं: चार ओहमला पाचशे, आठ ओहमला तीनशे. आप्पा त्यावर आठ ओहमचा एकच स्पीकर-बॉक्स लावत आले होते.

मी त्यांना समजावलं. नीट जमलं की नाही, कोण जाणे. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे त्यानं फसिवलं न्हाय?"

"न्हाय, आप्पा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. काकांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

आप्पा म्हणाले, "लेका, माझंच चुकलं. मागं समदं लिवलंय की."

"मला ठावं हाय," काका म्हणाले. "तवाच दाखवलं असतं. पर तू हितं आलाच न्हाईस, आदी बाजारात गेलास."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. काकांनी त्याला किंमत सांगण्याआधी विचारलं, "बॉक्स किती ओहमचा हाय तुमचा?"

निघताना आप्पांनी जत्रेचं आवतन दिलं. काका म्हणाले, "बघू की."

यंदा जत्रेला आईनं काकांना धरून स्वयंपाक केला. आप्पा उगाच एसटी स्टँडवर जाऊन येत होते. दुपार टळल्यावर आईनं न विचारता आमची तेवढी ताटं वाढली.