सेकंद काट्याचं घड्याळ

इंदापूर–बारामती एस.टी.त शेजारी बसलेल्या त्या मुलीचं नाव मी विचारलंच नाही. साल चौऱ्याण्णव असावं. बारामतीला तिची नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती.

"दाखले? फोटो? झेरॉक्सवर सही-शिक्का?" कचेरीत अर्ज तपासायच्या सवयीने मी यादीच म्हटली.

सगळं होतं. फक्त सेकंद काट्याचं घड्याळ नव्हतं. "नाडी मोजाय लावत्यात म्हणं," ती म्हणाली. मी माझं घड्याळ दिलं.

मग तिने निम्मी गाडी मोजली. दर वेळी आधी ओढणीला बोटं पुसायची, मग मनगट धरायची.

"तात्या, बोलू नका, आकडा चुकतोय," ती पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यांना म्हणाली.

"जिता हाय का मी?" तात्यांनी विचारलं.

"हाय. पर तंबाखू कमी करा."

"प्रवेशाआधीच दवाखाना उघडला व्हय?" कंडक्टर म्हणाला आणि सगळी गाडी हसली. बारामतीला उतरताच ती पळत सुटली, माझ्या घड्याळासकट!

संध्याकाळी कामं उरकून स्टँडवर आले, तर ती लांबूनच घड्याळ हलवत धावत आली.

"ताई, मिळाला प्रवेश! आता माझी नाडी बघा, मला मोजताच येईना!"

मी मनगट धरलं. माझी मोजणी कधी चुकत नाही. पण ती हसत होती, मग मीही हसू लागले, आणि तीनदा मोजूनही आकडा हाती लागला नाही.