दाबली की मिटते ती नस

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. पेशंट अजून तक्रार सांगत असतो आणि माझा हात त्याच्या पोटावर पोचलेला असतो. दुर्गजवळ जुनवानीत दवाखाना टाकल्यापासून मी रोग हातानेच शोधत आले. सुजलेलं लिव्हर, गाठ, गोळा, सगळं बोटांना कळायचं. पन्नाशी उलटल्यावर सोनोग्राफी शिकायला गेले, तेव्हा याच हाताने माझी पुरती फजिती केली.

वर्गात आम्ही सगळे जुने फॅमिली डॉक्टर, चष्मे कपाळावर सरकवून पडद्याकडे डोळे बारीक करणारे. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. एकमेकांच्याच पोटांवर जेल लावून आम्ही शिकायचो. मशीनचा तो हातात धरायचा प्रोब पोटावर टेकवला की मी दाबायचेच. माझ्या वाट्याला आलेले दुर्गचे म्हातारे डॉक्टर ओरडायचे, "बाई, जेवून आलो आहे मी!" आणि ती मुलगी मागून शांतपणे म्हणायची, "मॅडम, आटा नहीं गूँथना है. हाथ हल्का." सगळा वर्ग खो खो हसायचा. माझं डोकं असं तापायचं म्हणता! कालची पोर, आणि मला हात कसा धरायचा ते सांगते.

पण ती खरं सांगत होती, हीच तर पंचाईत. जास्त दाबलं की नसा पडद्यावरून गायबच व्हायच्या. मग मी घरी विरजलेल्या दह्यावर चमचा टेकवून बघायला लागले. साय फुटता कामा नये. नवरा म्हणाला, "रोज फुटलेलं दही खाऊन राहिलो, लवकर पास हो." झाले एकदाची. मशीन आलं, त्याची रीतसर नोंदणी झाली, 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी दारावर लागली. मशीन दवाखान्याबाहेर न्यायचं नाही, हा नियमही त्याच्यासोबत आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका रविवारी दुपारी मी स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाला, आईकडे गेले. आई माझ्या मोठ्या भावाकडे राहते. दादा प्लांटातून रिटायर झालेला. त्याचा घोटा मोडला होता, नुकतंच प्लास्टर निघालं होतं. आमच्या घरात प्लास्टर निघालं की मोहाचं तेल कोमट करून पाय चोळायचा, हे ठरलेलंच. आई खाली बसून दादाचा पाय मांडीवर घेऊन पोटरी जोराजोरात रगडून राहिली होती. दादा डोळे मिटून पडलेला.

माझी नजर पोटरीवर गेली. दुसऱ्या पायापेक्षा ती चांगलीच जाड, आणि कातडी तकतकीत. हात लावला तर गरम. नसेत रक्ताची गुठळी असली आणि चोळता चोळता ती सुटली, तर थेट फुप्फुसात जाऊन माणूस बसल्या जागी संपतो.

"आई, हात काढ!" मी इतक्या जोरात ओरडले की तेलाची वाटी लवंडली.

"अवो माय! कावून? तेलच लावून राहिली ना मी," आई म्हणाली.

"थांब म्हणते ना! एकदा सांगितलं की कळत नाही का?"

दादाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल. तो उठून बसला आणि हसायलाच लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने नागपूरला जायचं होतं, तिथे त्याच्या पोरीचं, माझ्या भाचीचं, साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. इतके तास पाय लोंबकळत ठेवून हा माणूस बसणार होता! मी बोलत राहिले, इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिले, शेवटी रडकुंडीला आले.

"तिथं गेलो की ते ठेवून घेतीन मले," दादा म्हणाला. "पोरीचं साक्षगंध बापाबिना करता का? प्लास्टर निघाल्यावर सूज येतेच. लहान होती तेव्हापासून तुले सगळीकडे भूतच दिसते." मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनीच्या तोंडाकडे बघून जरा नरमला. "बरं, तुह्या त्या टीव्हीत काही दिसलं त जातो. नाही दिसलं त सकाळी नागपूर, आणि तू तोंड उघडायचं नाही."

म्हणजे आता सगळं माझ्या हातावर आलं. जुनवानीपर्यंत मी गाडी कशी चालवली ते मलाच माहीत. दारावरची पाटी वाचून दादा म्हणाला, "मले काय दिवस गेले का वो?" वहिनी हसली. मला त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं.

तपासणी तशी सोपी. चांगली नस वरून दाबली की चपटी होते, मिटून जाते. आत गुठळी असली की कितीही दाबा, मिटत नाही. मी आधी चांगला पाय घेतला. जांघेत प्रोब ठेवला, दाबला. नस मिटली, सोडला, उघडली. झकास. मग दुखरा पाय. दाबला. नस मिटली नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं का, की निदान सापडलं? उलट माझा माझ्यावरच विश्वास बसेना. मी पुरेसं दाबलं होतं का? की इतके महिने दह्यावर चमचा टेकवून हात एवढा हलका झाला की चांगली नससुद्धा मिटू नये? दुखऱ्या पायाला माझा हात भीत तर नव्हता ना? उगीच एका बापाला पोरीच्या साक्षगंधातून उठवायचं. आणि जास्त दाबलं आणि ती गुठळीच सुटली, तर? आईला मी नुकतीच कशासाठी ओरडले होते? मी प्रोब जांघेवर तसाच टेकवून बसले.

"झोपली का?" दादा म्हणाला.

तेव्हा ती मुलगी आठवली. चोळायचं नाही, सरळ खाली दाबायचं. शेजारची धमनी जरा चेपली की समजायचं, दाब पुरेसा झाला. मी श्वास धरला आणि दाबलं. धमनी चेपली. तिच्या शेजारी ती नस तशीच, गोल, तटतटलेली, आत काहीतरी करडं भरलेलं. मी पुन्हा दाबायला गेले नाही.

"दादा, मिटून नाही राहिली रे."

त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. "चल मग," एवढंच म्हणाला.

गुठळी पोटरीपासून जांघेपर्यंत होती. हॉस्पिटलात इंजेक्शनं सुरू झाली, आणि साक्षगंध त्याने खाटेवरून फोनवर पाहिलं. तिकडे पोरीला हळद-कुंकू लागलं तेव्हा तो हमसून हमसून रडला, आणि मीही.

तो घरी आला त्या संध्याकाळी मी तिथेच होते. आई दादाच्या खाटेजवळ बसली होती, पण त्याला हात लावत नव्हती. हात पदरात गुंडाळून ठेवलेले. दादाला झोप लागल्यावर तिने हळूच विचारलं, "तू त्या दिवशी ओरडली. माह्या हातानं काही झालं असतं का वो?"

मी जन्मात कधी मनातलं तोंडात अडवलं नाही. खरं उत्तर 'हो' होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग ओरडली कावून?"

मी आतून तेलाची वाटी आणली, तिच्यासमोर खाली बसले आणि माझा पाय तिच्या मांडीवर ठेवला. "दिवसभर उभी राहून माझे पाय दुखून राहिले. माझे चोळ."

तिने बोटं तेलात बुडवली. किती वेळ ती माझ्या पोटरीवर तेल लावत होती, पण मला काही जाणवेचना. खाली पाहिलं तर आईची बोटं कातडीवरून नुसती फिरत होती, साय फुटू नये तशी.

"जोरात दाब ना, आई."

"नको," आई म्हणाली. "भेव लागते."