कोंबडीची तब्येत

लग्न झाल्यापासून सासूबाईंनी माझ्यावर एकच जबाबदारी टाकली, आणि ती कोंबडीची होती.

आमचं लग्न प्रेमाचं. सासूबाई बोनकोड्याच्या, भातशेतीत वाढलेल्या. मी पुण्याकडचा, अंडी ट्रेमध्येच तयार होतात असं मानणारा. जावई म्हणून त्यांनी मला अजून पास केलेलं नव्हतं, एटीकेटीवर पुढे ढकललं होतं म्हणा. तर त्यांच्या घराच्या दुरुस्तीचं काम निघालं, ठोकाठोकीनं कोंबडी बिथरायला लागली, आणि ती टोपलीसकट आमच्या जुईनगरच्या बाल्कनीत आली.

"जावय, कोंबरी खुरूक बसली हाय," सासूबाई बजावून गेल्या. "दाना-पानी ठेव. बाकी तिच्या वाटेला जाव नको."

आता आमच्याकडे ताप भरलेला माणूस गोधडी पांघरून कोपऱ्यात बसला की 'खुडूक होऊन बसलाय' म्हणतात. म्हणजे सासूबाईंनी आजारी कोंबडी माझ्या हवाली केली होती, आणि वर भिडेनं औषधपाण्याचं बोलल्याही नव्हत्या! मी हेलावलो. बायको नीलम ऑफिसला गेल्यावर पेशंट तपासला. अंग फुगलेलं, खाण्यावर वासना नाही, नजर शून्यात. कपाळ बघायला हात पुढे केला तर कडकडून चोच मारली. (म्हणजे वातही झाला होता.) तिला खरेदीच्या पिशवीत घातलं आणि रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय होतंय?"

"खुडूक झालीय."

"ते दिसतंय. पण तुम्हाला काय होतंय?"

मी गोंधळलो. "नाही, म्हणजे औषध काय द्यायचं?"

"अहो, खुडूक म्हणजे अंड्यांवर बसलीय. अंडी कुठायत?"

अंडी बाल्कनीत, टोपलीत, उघडी होती. मी पिशवी उचलून रिक्षाकडे पळालो.

घरी येऊन कोंबडीला टोपलीपाशी सोडलं. तिनं अंड्यांकडे शेजाऱ्यांची असल्यासारखं पाहिलं आणि वॉशिंग मशीनवर जाऊन बसली. मी नीलमला फोन लावला.

"हलवलंस तिला? अरे, आज-उद्या पिल्लं निघणार होती. आई दिवस मोजत बसलीय."

"मग आता?"

"आता तू ऊब दे."

"कशानं?"

"कशानंही. मला मीटिंग आहे."

मीटिंग मलाही होती. बल्ब लावावा तर घरभर एलईडी, उजेड लख्ख आणि ऊब नावाला नाही. शेवटी कंबर शेकायचा हीटिंग पॅड मांडीवर घेतला, त्यावर टॉवेल, टॉवेलात अंडी, वरून शाल, आणि तसाच लॅपटॉपपुढे बसलो. साहेबांनी नेमकं तेव्हाच मला धरलं.

"काय रे, रिपोर्ट कुठाय? घरी बसून अंडी उबवतोयस काय?"

"हो सर."

सगळे हसले. तेवढ्यात एका अंड्याच्या आतून बारीक 'चिव' आली. ती कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी दर वाक्याला मोठ्यानं "हो सर, हो सर" म्हणत सुटलो. साहेब इतके खूश झाले की त्यांनी मीटिंग लांबवली. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये पाच पिल्लं कवच फोडून माझ्या मांडीवर आली. मला खरंच भरून आलं. कोंबडी मशीनवरून उतरलीही नाही.

घराच्या दुरुस्तीचं काम संपल्यावर सासूबाई खुशीत सगळ्यांना घेऊन गेल्या. दोनच दिवसांनी त्यांचा फोन आला.

"जावय, पिलं कोंबरीकरं जातच नाय. तू यांना बोलवतो कसा?"

काय सांगणार? जे होतं ते सांगितलं.

पुढच्या रविवारी बोनकोड्याला गेलो. सासूबाई अंगणात कण्या टाकत होत्या. "हो सर, हो सर," त्यांनी हाक मारली, आणि पाचही पिल्लं माना खाली घालून एका ओळीत धावत आली.

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला स्वतःच्या हातानं वाढलं. कौतुकानं नीलमला म्हणाल्या, "पिलं लय गुनाची हायत बघ. कोनी कायपन सांगू दे, मान वर करत नाय. बापावर गेलीत."