राक्षसाची शिवण

ज्या राक्षसाची शिवण दिसत नाही, तो राक्षस सौंदडच्या अंजना रामटेकेला पटत नाही. आता २०१३ साल आहे. पुतणी स्नेहल मोबाइलवर नवेनवे पिक्चर दाखवते. त्यात आभाळाएवढी जनावरं आग ओकतात, शहरंच्या शहरं तुडवतात. अंजना दोन मिनिटं बघते आणि मोबाइल परत देते.

"याले कोनी शिवलंच नाई," ती म्हणते. "मंग मी भिऊ कोनाले?"

हे वेड तिला १९९९ साली लागलं, आणि लागलं तेही कामाच्या निमित्तानं. स्टेशनकडच्या रस्त्यावर गुलाबचंदचा व्हिडिओ हॉल होता. हॉल कसला, टिनाची खोली, एक टीव्ही, चार बाकं. दिवसा खिडक्यांतून उजेड यायचा, म्हणून त्यानं अंजनाकडून काळे पडदे शिवून घेतले. ती पडदे टांगायला गेली तेव्हा दुपारचा खेळ चालू होता आणि तिच्यासाठी तो कोण थांबवणार? ती स्टुलावर चढली, आणि तेवढ्यात टीव्हीतल्या पडक्या विहिरीतून राक्षस वर आला. अंगभर केस, डोक्यावर दोन शिंगं. बाकांवरचे गडी चिडीचूप झाले. अंजना मात्र स्टुलावर उभ्याउभ्याच खुदकन हसली.

कारण तो राक्षस म्हणजे तपकिरी घोंगडी होती. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन, तीही अर्धा बोट तिरकी बसवलेली. पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्याच मारामारीत त्याची उजवी काख उसवली, आणि पुढच्या वेळी तो आला तेव्हा तीच काख पांढऱ्या धाग्यानं टाचलेली होती. तपकिरी धागा संपला असेल बिचाऱ्याचा! कुठल्याशा माळावर, ऊन उतरायच्या आत, राक्षस अंगात असतानाच कोणीतरी घाईघाईनं सुई चालवली होती. त्या कधी न पाहिलेल्या शिंप्याबद्दल अंजनाला अशी माया दाटून आली की पडद्याची कडी हातातच राहिली. नवरा ईश्वरदास जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली होती.

मग ती दर बाजाराच्या दिवशी जायला लागली. भाजीची थैली पायाशी ठेवून पहिल्या बाकावर बसायची.

"बाई, ये लेडीज लोगों का पिक्चर नहीं है," गुलाबचंदनं तिला सांगून पाहिलं.

"राक्षसानं सांगतलं का तुले?" ती म्हणाली, आणि बसली.

हळूहळू तिच्या पारखीला मान मिळाला. राक्षस आला की मागचे गडी विचारायचे, "बाई, चेन कुठी हाये?" ती बोट दाखवायची. कुणाच्या शेपटीत तार होती, कुणाचे दात भोपळ्याच्या बियांचे होते. लोक खोटेपणाला हसायचे. अंजनाला तो खोटेपणा वाटतच नव्हता. ज्यानं शेपटीत तार घातली, त्यानं ती लपवण्याचा जिवापाड प्रयत्न केला होता, आणि तरी ती दिसत होती. एवढं प्रामाणिक दुसरं काय असतं?

गावाला मात्र हे रुचलं नाही. गाव म्हणजे तरी कोण? मुख्य म्हणजे तिचा भासरा, ईश्वरदासचा थोरला भाऊ चंद्रशेखर गुरुजी. शाळेत मास्तर, विहाराच्या समितीचा सचिव, अंधश्रद्धेवर तास तासभर बोलणारा माणूस. आपल्या घरची विधवा बाई भुताखेतांचे पिक्चर पाहते, म्हणजे त्याच्या भाषणांवर पाणीच की! पण तो तिला थेट रागवू शकत नव्हता. आमच्याकडे भासऱ्यासमोर सून डोक्यावरचा पदर काढत नाही, त्याच्याशी तोंडानं बोलत नाही, त्याच्या हातात वस्तूसुद्धा देत नाही. खाली ठेवायची, मग त्यानं उचलायची. बारा वर्षं एका अंगणात राहून दोघांत एक शब्द झाला नव्हता. काही सांगायचं तर सासूला सांगायचं, नाहीतर भिंतीला.

"आई, तिले सांग," गुरुजी ओसरीवरून मोठ्यानं म्हणाले. "व्हिडिओत जानं बंद कर म्हना, नाईतर यंदा झेंडा शिवाचं काम तिच्याकडं राहनार नाई."

आता मात्र गोष्ट जिव्हारी लागली. लग्न होऊन आली त्या वर्षापासून विहाराचा पंचशील ध्वज अंजनाच शिवत होती. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पट्टे एकमेकांना जोडायचे, एकही सुरकुती येऊ द्यायची नाही. चौदा एप्रिलला तो वर चढला की अख्खी वस्ती मान वर करून पाहायची. विधवा झाल्यावर पुष्कळ ठिकाणी तिला मागं बसवलं गेलं. या झेंड्यानं कधी बसवलं नव्हतं.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात बैठक बसली. गुरुजी उभे राहिले. "आपन देव सोडले, भुतं सोडले, अन् आपल्याच घरची बाई भुताच्या दारात पैल्या बाकावर बसते. समाजानं काय बोध घ्यावा?"

बायकांच्या बाजूनं अंजना उठली. तिनं सासूकडे पाहिलं नाही, भिंतीकडेही नाही. डोक्यावरचा पदर मागं सारला आणि थेट भासऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोलली. सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी तर माना खाली घातल्या.

"गुरुजी, तो राक्षस खोटा हाये, मले मालूम हाये. त्याची शिवन मी पायली. तुमच्या मांत्रिकाची शिवन कोनी पायली होती? ह्याइले, तुमच्या भावाले, कावीळ झाली, तवा दवाखाना सोडून तुमी जंगलातल्या मांत्रिकाकडं नेलं. नऊ दिवस, अन् ते गेले. कोनाले सांगू नोको म्हनलं. दंडाले बांधाची ती काळी थैली मीच शिवली, याच हातानं. उसवू नये म्हनून दुहेरी टीप मारली. मी भेली होती, गुरुजी. तुमीबी भेले होते. आता मी भेत नाई. भीती कुठून शिवली असते ते मी दर बाजाराले पाहून येतो. अन् जानारच."

ती खाली बसली. गुरुजींचा चेहरा पार उतरला होता. पण मोडला तरी ताठा तो ताठाच. समितीनं तिच्याकडून झेंडा काढून घेतला आणि गोंदियाहून तयार आणला. अंजना त्या रात्री रडली, हे खरं आहे. बाजाराच्या दिवशी ती पहिल्या बाकावर होती, हेही खरं आहे.

चौदा एप्रिलला सकाळपासून वारा सुटला होता. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, सगळी वस्ती गोळा झाली. तयार झेंडा वर चढला, दोनदा फडफडला, आणि पिवळ्या-लालच्या मधली शिवण टरकन उसवली. अर्धा झेंडा लोंबायला लागला. बायांनी तोंडाला पदर लावले. गुरुजींनी स्वतः दोर सोडून झेंडा खाली घेतला, आणि मग सगळ्यांच्या नजरा अंजनाकडे वळल्या.

ती सावकाश पुढं आली. कमरेच्या बटव्यातून सुई काढली.

"कापड तानून धरा," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते सगळ्यांना कळलं.

गुरुजींनी झेंडा दोन्ही हातांनी ताणून धरला. ज्या बाईच्या हातून कधी पाण्याचा तांब्या घेतला नव्हता, तिची सुई आता त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर चालत होती. एवढा गाव उभा होता, पण पुढचं बोलणं तेवढ्या वीतभर अंतरातच झालं.

"भेलो होतो मी, अंजना," ते म्हणाले. तिचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं.

तिचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. "सैल सोडू नोका," ती म्हणाली.

शिवण संपत आली तेव्हा गुरुजींनी खाली पाहिलं. "लाल धागा नाई का? पांढरा दिसून राहिला."

लाल धागा बटव्यात होता. पिवळाही होता.

"दिसू द्या," अंजना म्हणाली, आणि दातांनी धागा तोडला.